इंडी आणि स्ट्रॅटेजी गेम: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतले लोक, ऑफिसातली नवी मुलं आणि नात्यातल्या भाचरांपासून त्यांच्या आईवडिलांपर्यंत बरेच जण इंडी (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, छोट्या चमूने बनवलेल्या) आणि स्ट्रॅटेजी (म्हणजे डावपेचांच्या) गेमबद्दल विचारत असतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहितोय. मतं माझी आहेत, आणि त्यामागे एकच कसोटी आहे: हरल्यावर आपलं नेमकं कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ज्या गेममध्ये ते दाखवता येतं तो माझ्या लेखी चांगला. मग तो एकट्याने बनवलेला असो की हजार जणांनी.

स्ट्रॅटेजी गेम आजवर खेळलेलोच नाही. सुरुवात कुठून करू?

'इन्टू द ब्रीच'पासून. डोळे झाकून घ्या.

२०१८ साली सबसेट गेम्स या छोट्याशा चमूने तो काढला. आठ बाय आठ घरांचा पट, तुमच्या हाताखाली तीन यंत्रं, आणि जमिनीतून वर येणारे महाकाय किडे. शहरातल्या इमारती वाचवायच्या. इमारती पडत गेल्या की वीज कमी होत जाते आणि वीज शून्यावर आली की डाव संपला. एक लढाई साधारण पाच खेळ्यांची असते.

याची खरी गंमत म्हणजे शत्रू पुढच्या खेळीत काय करणार ते आधीच पटावर दिसतं. कोणता किडा कोणत्या घरावर वार करणार, नवा किडा कोणत्या घरातून वर येणार, सगळं समोर असतं. त्यामुळे "किड्याला कसा मारू" हा प्रश्न मागे पडतो आणि "किड्याला कुठे ढकलू" हा पुढे येतो. एक उदाहरण देतो. एक किडा सरळ रेषेत थुंकतो आणि त्या रेषेत दोन इमारती आहेत. तुमच्याकडच्या तोफेचा गोळा जिथे पडतो त्याच्या चारही बाजूंची घरं बाहेरच्या दिशेने ढकलली जातात. तुम्ही गोळा किड्यावर टाकतच नाही, त्याच्या शेजारच्या रिकाम्या घरात टाकता. किडा एक घर सरकतो. थुंकायची दिशा तीच राहते, रांग मात्र बदलते, आणि त्या रांगेत त्याचाच भाऊबंद उभा असतो. तुमच्या एका गोळ्याने इमारती वाचल्या आणि शत्रूने शत्रूला मारलं. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा माणूस खुर्चीतून उठतो.

हरलात तर कारण पटावर लख्ख दिसतं. म्हणून नवख्यांना मी हाच देतो. याच चमूचा आधीचा 'एफटीएल' (२०१२) हाही उत्तम, पण जरा निर्दयी आहे. त्यासाठी त्यांनी लोकांकडे दहा हजार डॉलर मागितले होते आणि जमले सुमारे दोन लाख. इंडी गेमना लोकवर्गणी मिळू शकते हा विश्वास ज्या गेमनी दिला त्यातला हा एक. तो दुसरा घ्या.

माझा लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. काय चालेल?

वर सांगितलेले दोन्ही. शिवाय 'स्ले द स्पायर', 'बालाट्रो', 'मिनी मेट्रो', 'स्टारड्यू व्हॅली', 'पेपर्स, प्लीज'. ऑफिसच्या लॅपटॉपला जे जमतं तेच यांना लागतं. महागडं मशीन घेईपर्यंत थांबू नका. थांबण्यासारखं यात काही नाही.

'स्ले द स्पायर' घेऊ की 'बालाट्रो'?

दोन्ही पत्त्यांचे, दोन्ही पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, पण स्वभाव अगदी वेगळा.

'स्ले द स्पायर' (पूर्ण रूपात २०१९) हा नकार द्यायला शिकवणारा गेम आहे. प्रत्येक लढाईनंतर तीन पत्ते समोर येतात आणि एक घ्या म्हणतात. नवीन माणूस दर वेळी घेतो. गड्डी फुगते, आणि हवा तो पत्ता हवा तेव्हा हाताला लागत नाही. मुरलेला खेळाडू "काही नको" म्हणून पुढे जातो, दुकानात पैसे मोजून जुने पत्ते काढून टाकतो, आणि वीस-बावीस पत्त्यांच्या आटोपशीर गड्डीनिशी शिखर गाठतो. इथेही शत्रूच्या डोक्यावर त्याचा पुढचा बेत लिहिलेला असतो: किती वार, किती जोराचा. लपवाछपवी नाही.

'बालाट्रो' (२०२४) मोहाचा गेम आहे. कॅनडातल्या एका माणसाने 'लोकलथंक' या टोपणनावाने तो बनवला आणि त्याच वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम इंडी, सर्वोत्तम पदार्पण आणि सर्वोत्तम मोबाईल गेम अशी तीन बक्षिसं घेतली. पोकरमधल्या जोड्या, रंग, क्रम लावून गुण करायचे आणि जोकर विकत घेऊन नियमच वाकवायचे. जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. साध्या जोडीचा गुणक २ असतो. एक जोकर गुणकात ४ मिळवतो, दुसरा गुणक दुप्पट करतो. मिळवणारा आधी ठेवला तर (२+४)×२ म्हणजे १२. दुप्पट करणारा आधी ठेवला तर २×२+४ म्हणजे ८. पत्ते तेच, जोकर तेच, फक्त जागा बदलली. हरलात की आधी जोकरांचा क्रम बघा.

एकच घ्यायचा असेल तर 'स्ले द स्पायर'. तो जास्त काळ टिकतो, कारण त्यात नशीब वाईट असलं तरी मार्ग काढता येतो. 'बालाट्रो'त कधीकधी दुकानच साथ देत नाही.

'बालाट्रो' म्हणजे जुगारच ना? घरात चालेल का?

जुगार नाही. त्यात खरा पैसा कुठेच लागत नाही. एकदा विकत घेतला की संपलं. युरोपातल्या वयोगट मंडळाने आधी त्याला १८ वर्षांवरील ठरवलं होतं. २०२५ मध्ये तो निर्णय बदलून १२ केला. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत झालेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही. पत्ते दिसले की जुगार, ही घरातली समजूत मला माहीत आहे, पण आपल्याच सावंतवाडीत गंजिफा हातांनी रंगवल्या जातात आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे.

गंजिफांचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकतो. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान. उरलेल्या अर्ध्यांत बरोबर उलटं. असा उलटासुलटा क्रम आयता हाताशी असताना कुणीतरी त्यावर गड्डी बांधायचा गेम करायलाच हवा. चित्रं आहेत, नियम आहेत, रंगवणारे हात अजून आहेत. मराठी गेम डेव्हलपरांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

'एक्सकॉम २' या सैनिकांच्या लढाईच्या गेममध्ये नेम लागायची शक्यता ९५ टक्के असताना गोळी चुकते. गेम फसवतो का?

नाही. ९५ टक्के म्हणजे वीस गोळ्यांत सरासरी एक चुकणार. वीस गोळ्यांत निदान एक चुकण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. एका मोहिमेत तितक्या गोळ्या सहज झाडल्या जातात. उलट सोप्या पातळ्यांवर गेम पडद्यामागून तुमच्याच बाजूने थोडं माप टाकतो.

चुकणारी गोळी मला चालते, पण त्या एकाच गोळीवर सगळा डाव लावून बसणं हा खेळाडूचा निर्णय असतो. आधी हातबॉम्ब, तो चुकत नाही. मग बाजूने जाऊन नेम. आणि शेवटचा सैनिक आडोशाला राखून ठेवा. २०१६ चा गेम आजही तितकाच दमदार आहे.

'सिव्हिलायझेशन' (शहरं वसवत आपली संस्कृती इतिहासभर वाढवायचा गेम) सहावा की सातवा?

सहावा (२०१६). सेलमध्ये विस्तारांसकट (म्हणजे नंतर आलेल्या जोडभागांसकट) बराच स्वस्तात मिळतो आणि त्यात जिल्हे कुठे मांडायचे याचा विचारच एवढा रसाळ आहे की नकाशा बघत बसावंसं वाटतं. नदी, डोंगर, किनारा यांच्याकडे बघून शंभर वर्षांनंतरचं शहर डोक्यात उभं करायचं.

सातवा (२०२५) आला तेव्हा त्यात इतिहासाचे तीन कालखंड केले होते आणि नवा कालखंड लागला की तुमची संस्कृती बदलायची. कल्पना धाडसी आहे. अशोक, मौर्य, चोळ, मुघल हे सगळे त्यात आहेत हेही छान. पण कालखंड बदलताना चालू लढाया, मांडलेले बेत मधेच तुटतात, आणि ज्या धाग्यासाठी मी हा गेम खेळतो तोच धागा हातून सुटतो. सातवा ज्यांना आवडतो त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण पहिला म्हणून तो मी सुचवणार नाही.

आणि या मालिकेतल्या अणुबॉम्ब टाकणाऱ्या गांधींची प्रसिद्ध कथा खरी नाही. पहिल्या गेममध्ये गांधींच्या आक्रमकतेचा आकडा शून्याखाली जाऊन, प्रोग्राममधल्या दोषामुळे, थेट २५५ झाला असं सांगतात. असा कुठलाही दोष नव्हता हे या गेमचे जनक सिड मायर यांनीच २०२० साली आत्मचरित्रात लिहिलंय.

मराठे कोणत्या गेममध्ये खेळता येतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर.

थेट मराठे हवे असतील तर 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९). तो इसवी सन १७०० मध्ये सुरू होतो आणि मराठा राज्य सुरुवातीपासून निवडता येतं. इतिहासात त्याच वर्षी राजाराम महाराज गेले आणि ताराराणींनी सूत्रं हातात घेतली. समोर औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला. म्हणजे गेम सुरू होतो तो क्षणच विलक्षण आहे.

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' मध्ये (२०१३) सुरुवात ११ नोव्हेंबर १४४४ ची. तेव्हा दख्खनवर बहमनी सत्ता. मराठे सुरुवातीला नकाशावर नसतात, पण मराठी संस्कृतीचं राज्य वाढवून अटी पूर्ण केल्यात तर ते घडवता येतात. पाचव्या भागाची (२०२५) सुरुवात १३३७ ची आहे, बहमनी राज्य स्थापन व्हायच्याही दहा वर्षं आधीची. 'क्रुसेडर किंग्ज ३' मध्ये ८६७ ची सुरुवात निवडलीत तर दख्खनचे धनी राष्ट्रकूट, १०६६ निवडलीत तर कल्याणीचे चालुक्य. शिवकाल अर्थातच नाही, पण मराठी संस्कृती आहे, आणि वारसा, सोयरीक, रुसवेफुगवे यांवर चालणारा हा गेम आपल्या भाऊबंदकीच्या इतिहासाला इतका चपखल बसतो की मी तो आवर्जून सुचवतो. 'एज ऑफ एम्पायर्स २' च्या २०२२ च्या भारतीय विस्तारात गुर्जर, द्रविड आणि बंगाली आले, जुन्या 'इंडियन्स'चे हिंदुस्तानी झाले. मराठे त्यात नाहीत.

आता माझी तक्रार. यातल्या एकाही गेमला दख्खनची लढाई कळलेली नाही. 'एम्पायर'मध्ये मराठ्यांच्या राज्यातसुद्धा युरोपातले ताऱ्याच्या आकाराचे सपाट जमिनीवरचे किल्ले दिसतात. इथे लढाई झाली ती डोंगरावर. नाशिकजवळच्या रामशेजसारख्या लहानशा गडाने मुघल फौज कित्येक वर्षं अडकवून ठेवली. जिंजीचा वेढा १६९० ते १६९८ चालला. असा गड गेममध्ये कसा असावा? अंबरखान्यात धान्य किती, टाक्यांत पाणी किती, शिबंदी किती, किल्लेदार फितूर होईल का, आणि खालून रसद वर चढवायला रात्र अंधारी आहे का. हे पाच आकडे पुरेत. आणि खेळीचा कालावधी महिना किंवा वर्ष नसावा, ऋतू असावा. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मुलुखगिरी, आणि मृग लागला की घाट बंद, नद्या दुथडी, अर्धी फौज शेतावर परत. पावसाळ्यात लढता येत नाही म्हणून बोलणी करायची, वतनाच्या सनदा वाटून माणसं फोडायची आणि आपली फुटू द्यायची नाहीत. एवढ्यावर एक संपूर्ण स्ट्रॅटेजी गेम उभा राहतो. भव्य ग्राफिक्सची गरज नाही, 'इन्टू द ब्रीच' एवढा पट पुरेल.

शहर उभारायचे गेम आवडतात, पण शेवटी कंटाळा येतो. काही उपाय?

'अगेन्स्ट द स्टॉर्म'. पोलंडच्या एरेमाइट गेम्सचा, पूर्ण रूपात डिसेंबर २०२३. शहर मोठं होऊन कंटाळवाणं व्हायच्या आतच वस्ती पूर्ण होते आणि नवी सुरू होते. जग सतत पावसात आहे. रिमझिम, उघडीप आणि वादळ असे तीन ऋतू फिरत राहतात. वादळात जंगलाचा राग वाढतो आणि लोकांचं मन खचतं. लाकूडतोडे जितके जास्त तितका जंगलाचा राग जास्त. म्हणून वादळ सुरू होताच त्यांना कामावरून काढून स्वयंपाकघरात किंवा विणकामाला लावायचं आणि उघडीप आली की पुन्हा जंगलात पाठवायचं. हे एकदा लक्षात आलं की अर्धा गेम सुटतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात बुद्धिमान नगररचनेचा गेम हाच.

'फ्रॉस्टपंक' (२०१८) थंडीतलं शहर दाखवतो आणि मुलांना कामाला लावायचा कायदा पहिल्याच दिवसांत समोर ठेवतो. जबरदस्त आहे, पण मन घट्ट असताना खेळा.

कारखाना उभारायच्या 'फॅक्टोरिओ'चा सेल कधी लागतो?

लागत नाही. प्रागच्या वूबे सॉफ्टवेअरचं धोरणच तसं आहे. २०२३ मध्ये तर महागाईचं कारण देऊन त्यांनी किंमत ३० वरून ३५ डॉलर केली. वाट बघू नका. मोफत डेमो आहे, तो खेळा. कच्चं लोखंड आपोआप भट्टीत जाऊन दुसऱ्या टोकाला पहिली पट्टी बाहेर पडताना बघून आनंद झाला तर पूर्ण किंमत मोजा, नाही झाला तर हा तुमचा गेम नाही.

पुण्यात बनलेला 'राजी' कसा आहे?

बघायला अप्रतिम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणला. २०१७ ची त्यांची लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली होती, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. पहाडी चित्रशैलीच्या रंगातले महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून चालणारं निवेदन. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्सच्या सर्वोत्तम पदार्पणाच्या यादीत त्याचं नाव होतं.

लढाया मात्र लवकर एकसुरी होतात आणि कथा ऐन रंगात आल्यावर थांबते. स्ट्रॅटेजी गेम तो नाहीच, मारामारीचा आहे. तरीही घ्या म्हणेन. आपल्या मातीतला गेम जगाच्या दुकानात मान वर करून उभा राहिला, त्याचा मला आनंद आहे आणि हे लोक पुढे काय करतात याकडे माझं लक्ष आहे.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला काय देऊ?

'मिनी मेट्रो' द्या. न्यूझीलंडच्या छोट्या चमूचा, २०१५ चा. गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं जोडत मेट्रोचे मार्ग आखायचे. एखाद्या स्टेशनावर गर्दी मावेनाशी झाली की खेळ संपतो. त्यात मुंबईचाही नकाशा आहे, आणि मुंबईत लोकलने फिरलेल्या मुलीला गर्दी का साचते हे समजावून सांगावं लागणार नाही. फोनवर 'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया' द्या. 'सिव्हिलायझेशन'चा अर्क तीस खेळ्यांत. सुरुवातीच्या चार जमाती मोफत आहेत.

'स्टारड्यू व्हॅली' तर घरातल्या सगळ्यांसाठीच. एरिक बरोन यांनी साडेचार वर्षांच्या आसपास एकट्याने खपून चित्रं, संगीत, कोड सगळं केलं. २०१६ ला गेम आला आणि २०२४ मध्येही मोठी भर त्यांनी फुकट दिली. मुलांबरोबर शेजारी बसून खेळा. पैसे मागत राहणाऱ्या मोबाईल गेमपेक्षा हे कितीतरी चांगलं.

गेम टोरंटवरून फुकटात उतरवला तर काय बिघडलं?

बिघडतं. मोठ्या कंपनीचं सोडा, या यादीतले बरेच गेम एक-दोन माणसांच्या हातचे आहेत. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' बनवणारे दोघे अॅडम्स बंधू २००६ पासून तो फुकट देत आणि लोकांच्या देणग्यांवर जगत आले. २०२२ मध्ये स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) विकत ठेवला तेव्हा कुठे त्यांना स्थैर्य आलं. जुनी, अक्षरांनी रेखाटलेली आवृत्ती आजही मोफत आहे.

पैसे वाया जाण्याची भीती असेल तर स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. इच्छायादीत टाकून ठेवा आणि सेलची वाट बघा. ('फॅक्टोरिओ' सोडून.)

मराठीतून गेम का येत नाहीत?

विकत घेणारा मराठी खेळाडू हिशेबात दिसत नाही, हे माझ्या मते मुख्य कारण. पण भाषा आणि घर गेममध्ये आलं की काय होतं हे बघायचं असेल तर 'वेन्बा' (२०२३) खेळा. ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या फाटक्या वहीतल्या अर्धवट पाककृती, आणि तमिळ बोलायला लाजणारा मुलगा. इडलीपात्र कोणत्या क्रमाने लावायचं हे कोडं म्हणून सोडवायचं. टोरांटोच्या छोट्या स्टुडिओने केलेला हा गेम, आणि त्याला पदार्पणाचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. परदेशात वाढणारी मराठी मुलं ज्या घरात आहेत त्यांनी तो एकत्र बसून खेळावा. दीड-दोन तासांत संपतो.

एकच गेम सुचवा, जो आयुष्यात एकदाच खेळता येतो.

'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' (२०१८), 'पेपर्स, प्लीज' करणाऱ्या ल्युकस पोप यांचा. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज १८०७ मध्ये परत येतं, आणि तुम्ही विम्याचे निरीक्षक म्हणून चढता. साठ माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि काय झालं ते शोधायचं. तीन उत्तरं बरोबर आली की गेम ती एकत्र पक्की करतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. पेहराव, बोलण्याची ढब, कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, सगळं पुरावा असतं. जहाजावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत, त्यांच्याकडे नीट बघा.

उत्तरं शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. एखादं माणूस जोडीला घ्या, एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने वही सांभाळायची.